टाका पडल्यानंतरचे तास

दिवसभर बाल्कनीच्या ग्रिलचं काम चाललेलं असतं. हेल्पर पोरगा घरी जाऊन जेवतो, झोपतो आणि रात्री एक-दीडला कळवळत उठतो. डोळ्यांत मूठभर वाळू घालून चोळल्यासारखं होत असतं. पाणी थांबत नाही, पापणी उघडवत नाही, दिव्याकडे बघवत नाही. कामावर असताना मात्र त्याला काहीही जाणवलं नव्हतं.

आर्क वेल्डिंगमधल्या बऱ्याच इजा अशाच उशिरा उगवतात. कापलं तर लगेच रक्त येतं, तव्याला हात लागला तर तो आपोआप मागे येतो. आर्कचं तसं नाही. डोळ्यांना कळतं ते साधारण सहा ते बारा तासांनी, छातीला कळतं संध्याकाळी आणि फुप्फुसांना कित्येक वर्षांनी. म्हणून ‘आजवर मला काही झालं नाही’ हे वाक्य या धंद्यात फार घातक आहे. त्रास व्हायला लागला की थांबू, असं इथे चालत नाही. काळजी आधीच घ्यावी लागते.

रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामधल्या त्या इवल्याशा फटीत तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअसपर्यंत जातं. तिथून निघणारा झगझगीत उजेड दिसतो, पण बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला भाजतात ते न दिसणारे अतिनील किरण. उन्हात कातडी करपते तसाच हा प्रकार. पडद्याचा वरचा थर सुटू लागतो, आतल्या नसा उघड्या पडतात आणि मग रात्रीची ती आग सुरू होते. एक-दोन दिवसांत पडदा बहुधा भरून येतो. घरोघरी यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात, गुलाबपाणी घालतात, बाळंतिणीचं दूधही घालतात. चकतीचा गारवा मिटल्या पापणीवर बरा वाटत असेल, पण डोळ्याच्या आत यातलं काहीही घालू नये, कारण सोललेल्या पडद्यावर जंतू चटकन धरतात. याहून धोकादायक आहेत डोळा बधिर करणारे थेंब. डॉक्टर तपासताना ते एकदा घालतात आणि क्षणात आराम पडतो. तीच बाटली दुकानातून आणून घरी पुन्हा पुन्हा वापरली तर पडदा भरूनच येत नाही, त्यावर जखम होते आणि नजर कायमची अधू होऊ शकते. दोन दिवसांत डोळा निवळला नाही, किंवा समोर मधोमध काळा डाग दिसू लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यात एक दिवसही घालवू नये. आर्कच्या निळ्या उजेडाने डोळ्याचा मागचा पडदा भाजला असेल, तर ते नुकसान भरून येईलच असं नाही.

हे सोसावं लागतं ते जास्त करून हेल्परला. मिस्त्रीच्या हातात काळ्या काचेची स्क्रीन असते. हेल्परचे दोन्ही हात अँगल सरळ धरण्यात गुंतलेले, म्हणून ‘डोळे मीट रे’ म्हणत वेल्डिंगचा टाका मारला जातो. टाका अर्ध्या सेकंदाचा, म्हणून कधी मिस्त्रीही स्क्रीन उचलत नाही. पण डोळ्यांकडे दिवसभराच्या टाक्यांची बेरीज होत राहते. शिवाय किरण पांढऱ्या भिंतीवरून आणि चकचकीत पत्र्यावरून उलटून बाजूनेही येतात. साधा काळा गॉगल त्यांना पुरत नाही. घरगुती कामात सर्रास चालणारा दहा नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, शंभर-सव्वाशे अँपिअरवर चालतो. त्याला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते आणि तो नंबर काचेवर छापलेला असतो. आपोआप काळी होणारी हेल्मेटं आता हजार-दीड हजारापासून मिळतात. चांगल्या हेल्मेटची काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवते. माझ्या मते दुकानात पहिलं हेल्मेट आलं की ते हेल्परच्या डोक्यावर जावं. मिस्त्रीकडे निदान स्क्रीन तरी असते.

धुराविषयी आपण डोळ्यांहूनही बेफिकीर आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. धोका त्यांच्याइतकाच मोठा, असा याचा अर्थ नव्हे. माणसाला यापासून कर्करोग होतो याचा पुरावा पक्का, एवढाच अर्थ. स्टेनलेस स्टीलच्या धुरात तर घातक रूपातलं क्रोमियमही असतं.

जी.आय. पाइपचा त्रास मात्र त्याच दिवशी कळतो. लोखंड वितळतं १५३८ अंशांना, पण त्यावरचा जस्ताचा मुलामा ९०७ अंशांनाच उकळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजते, ताप चढतो, तोंडाला धातूची चव येते आणि अंग मोडून येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं उतरतं, म्हणून हा ताप व्हायरलच्या खात्यात जमा होतो. रोज धूर घेणाऱ्याच्या शरीराला चार दिवसांत त्याची सवय होते आणि सुट्टीच्या दिवशी ती मोडते. म्हणूनच जगभर हा ‘सोमवारचा ताप’ म्हणून ओळखला जातो. पुण्याजवळच्या भोसरीतल्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, तिथे तो शुक्रवारी यायचा.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे गूळ नाहीतर दूध. मालक आपुलकीने देतात, कामगार विश्वासाने घेतात. त्या आपुलकीबद्दल मला आदर आहे, पण दूध पोटात जातं आणि धूर फुप्फुसात. गुळाने घसा ओला होईल, धूर निघणार नाही. त्या पैशांत एन-९५ मास्क येतात आणि ते हेल्मेटखाली बसतात. तोंडाला बांधलेला रुमाल या धुराला अडवत नाही, कारण त्याचे कण मायक्रॉनहूनही बारीक असतात. जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा मास्क लावून ग्राइंडरने आधी उतरवावा. डोकं धुराच्या झोतात घालू नये आणि वारा आडवा जाईल असं बसावं. पाठीमागून वारा आला तर धूर भोवरा खाऊन तोंडावरच येतो.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं, सुती चालतं. गळ्याचं बटण लावलेलं असावं, पँट बुटाच्या बाहेरून असावी आणि पायात चप्पल नसावी.

दोन गोष्टी मात्र उशीर लावत नाहीत. पहिली वीज. जुन्या ट्रान्सफॉर्मर सेटच्या होल्डरवर आर्क चालू नसताना साठ-ऐंशी व्होल्ट असतात, म्हणजे रॉड बदलताना दाब सर्वांत जास्त. कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत. घामाने भिजलेल्या अंगाने, पावसाळी ओल्या गच्चीवर किंवा टाकीत लोखंडावर आडवं पडून काम करताना तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. झटका बसताच वीज तोडणारा घरातला ई.एल.सी.बी. इथे कामी येत नाही, कारण होल्डरकडची वायर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला असते आणि तिथला झटका त्याला कळतच नाही. कोरडे हातमोजे, पायाखाली कोरडी फळी आणि न फुटलेला होल्डर, एवढ्यावरच सारी भिस्त असते.

दुसरी गोष्ट रिकामी पिंपं. डिझेलचं, थिनरचं, डांबराचं पिंप कापून कचरापेटी किंवा चूल करायची पद्धत आहे. पिंप रिकामं दिसतं, वासही गेलेला असतो, पण सांध्यांत उरलेला थेंब उष्णतेने वाफ होतो आणि मग एक ठिणगी पुरते. अशा टाक्या निर्धोक केल्याशिवाय त्यांवर वेल्डिंग करू नये, हे १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ३७मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तीन माणसांच्या ग्रिलच्या दुकानाला कारखान्यांचा कायदा सहसा लागूच होत नाही. तिथे कायद्याचं काम कुणीतरी ‘हे पिंप मी कापणार नाही’ म्हणूनच करावं लागतं.

आग मात्र पुन्हा उशिरा कळते. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळाच्या इमारतीवरून जाणाऱ्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं. तापलेला माल फटीतून खाली गेला, छताच्या पोकळीतला थर्माकोल पेटला आणि १७ माणसं गेली. कामगार वर होते आणि आग त्यांच्या पायाखाली, त्यांच्या नजरेआड होती. ठिणगी दहा मीटरपर्यंत उडते. गादीच्या कापसात, भुशात, पडद्याच्या घडीत ती धुमसत राहते आणि माणसं जेवायला गेल्यावर पेट घेते. म्हणून कारखान्यांमध्ये काम संपल्यावर अर्धा ते एक तास राखणीला माणूस ठेवण्याची शिस्त असते.

आपल्या घरी ग्रिल बसवायला येणाऱ्या मिस्त्रीकडे असा माणूस नसतो. त्याला सहाला दुसरं काम गाठायचं असतं. तेव्हा पडदे, गाद्या, रद्दी आधी हलवणं, खालच्या मजल्यावर सांगून ठेवणं, पोरांना आत घेणं आणि बादलीभर पाणी भरून ठेवणं हे घरच्यांचं काम. एक विनंतीही करावी, बाहेर जायचं असेल तर शेवटचा टाका त्याच्या तासभर आधी पडू द्या. त्या तासात दोनदा हात लावून बघायचं आणि वरच्या सळईबरोबर तिच्या खालचा कोपराही तपासायचा.