कढीपत्ता कुणाच्या घराण्यातला?

मंडळी, भारतातून आई-बाबा येणार म्हटलं की त्यांच्या बॅगेतून काय काय येतं ते आपल्याला ठाऊकच आहे. आमच्याकडे मागच्या खेपेला गोडा मसाला आणि मेतकुटाच्या शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कढीपत्त्याची दोन इवली रोपं होती. ती विमानतळावरच राहिली. "बॉम्ब आहे का तो? साधा कढीपत्ता!" हे आईचं म्हणणं घरी पोचेपर्यंत चालू होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तिच्याच बाजूने होतो.

रात्री अमेरिकेचा नियम काढून वाचला (इंजिनिअरची खोड, दुसरं काय!). त्यात एकेका झाडाची यादी नव्हती. रुटेसी नावाच्या वनस्पतिकुलातले मोठमोठे गटच्या गट घेतले होते आणि फळं व बिया सोडून त्यांचा कुठलाही भाग आणायला बंदी होती. रुटेसी म्हणजे संत्र्या-लिंबाचं घराणं. आता कढीपत्त्याचा आणि संत्र्याचा काय संबंध? तिथून आमचा शोध सुरू झाला.

नावावरून जायचं तर आपण हमखास फसतो. कढीपत्ता म्हणजे कढीलिंब, नीम म्हणजे कडुलिंब, आणि तिसरं आपलं लिंबू. तिन्हींत 'लिंब' आहे. पानं बघितली तर कढीलिंब आणि कडुलिंब भाऊ-भाऊ वाटतात, कारण दोघांच्याही एका दांडीवर दुतर्फा छोट्या पर्णिका असतात. लिंबाचं पान एकटं, जाड, चकचकीत.

यात फसणारे आपण एकटेच नव्हे. अठराव्या शतकात लिनिअसने फुलझाडांचे वर्ग पाडले ते मुख्यतः फुलातले पुंकेसर मोजून आणि ते सुटे आहेत की जुडग्यात आहेत ते बघून. कढीपत्त्याला पुंकेसर १०, कडुलिंबालाही १०, म्हणून दोघे एका वर्गात. लिंबा-संत्र्याचे पुंकेसर संख्येने जास्त आणि जुडग्यांत, म्हणून ते दुसरीकडे. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटाबेस एकाच कॉलमवर सॉर्ट केला! शोधायला सोपं, पण नातं कळत नाही. पुढे १७८९ साली फ्रान्सच्या जुसिअने अनेक लक्षणं एकत्र तोलून कुलं मांडली, आणि आजची पद्धत त्याच वाटेने आली आहे.

ती लक्षणं घरच्या घरी बघता येतात. कढीपत्त्याचं ताजं पान खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि भिंगातून पाहा. टाचणीने टोचल्यासारखे अर्धपारदर्शक ठिपके दिसतील. लिंबाच्या पानातही तेच. हे ठिपके म्हणजे पानाच्या आतल्या सुगंधी तेलाच्या बारीक पोकळ्या. लहानपणी संत्र्याची साल दाबून भावाच्या डोळ्यात उडवायचो ना, ते तेलही अशाच पोकळ्यांतलं. कडुलिंबाच्या पानात त्या नसतात.

दुसरी खूण देठाची. लिंबाच्या पानाखाली जिथे देठ संपतो तिथे एक सांधा असतो, आणि पुष्कळ जातींत देठाला छोटे पंखही असतात. साध्या पानाला असा सांधा कशाला हवा? कारण ते मुळात साधं पान नाहीच. ते संयुक्त पान असून त्याची एकच पर्णिका उरली आहे. बेलाच्या तीन, कढीपत्त्याच्या वीसेक. बेल, कवठ, कुंती सगळी याच कुलातली.

तिसरी खूण फुलातली. कढीपत्त्याचे दहाही पुंकेसर सुटे असतात, तर कडुलिंबाचे एकमेकांना जुळून त्यांची नळी होते. म्हणजे संख्या तीच, रचना वेगळी. लिनिअसच्या मोजणीत नेमकं हेच निसटलं. गंमत म्हणजे १९९०च्या दशकापासून डीएनए तपासणी आली तेव्हा कढीपत्ता लिंबाच्या घराण्यातच राहिला. कडुलिंबाचं कुल मात्र त्याच गणातलं निघालं, म्हणजे अगदी परका नाही, लांबचा चुलत!

आता विमानतळाकडे येऊ. आशियाई सिट्रस सिलिड नावाचा ३-४ मिलिमीटरचा किडा आहे. तो या घराण्याच्या कोवळ्या पालवीवरच अंडी घालतो, आणि त्याला लिंबू काय नि कढीपत्ता काय, दोन्ही चालतात. (त्याला वनस्पतिशास्त्र आपल्यापेक्षा आधी कळलं असावं.) तो ग्रीनिंग नावाचा रोग पसरवतो. पानं पिवळी पडतात, फळं वेडीवाकडी, हिरवट आणि कडू होतात, झाड हळूहळू मरतं. त्यावर इलाज नाही. हा रोग फ्लोरिडात २००५ साली सापडला. तिथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख. मधल्या वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. कॅलिफोर्नियात किडा २००८ मध्ये आणि रोग २०१२ मध्ये आढळला. भारतातही दोन्ही आहेत. आईच्या त्या दोन रोपांवर काही नसेलही, पण कोवळ्या पालवीतली अंडी नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत.

तेव्हा रोप हवं असेल तर आपल्याच भागातल्या परवानाधारक नर्सरीतून घ्या. एका गावातून दुसऱ्या गावी मैत्रिणीला कुंडी देण्याआधी तिथे क्वारंटाइन आहे का ते राज्याच्या कृषी खात्याकडे विचारा. नव्या पालवीवर पांढरे मेणचट धागे किंवा शेपटी वर करून तिरके बसलेले किडे दिसले तर त्यांनाच कळवा. हेच कुंतीलाही लागू, इथे ती ऑरेंज जास्मिन या नावाने मिळते.

आम्ही शेवटी इथल्याच नर्सरीतून रोप आणलं. आईला उजेडासमोर पान धरून ठिपके दाखवले. तिने भिंगातून बराच वेळ पाहिलं, पान चुरडून वास घेतला आणि म्हणाली, "वास आपल्याकडच्यासारखा नाही. पण फोडणीला चालेल."