उचल मागण्याआधी : संगणकाचे मोफत शिक्षण



गळीत संपून बॉयलर थंड झाला, की आमच्या कचेरीत दुसरा हंगाम सुरू होतो. तो म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी उचल मागणाऱ्या अर्जांचा. यंदा त्यात संगणकाच्या क्लासचे अर्ज बरेच दिसले. त्यांतल्या एका अर्जावरून हा लेख सुचला.

एक जुने सभासद आले. मुलगा बी.एस्सी. झालेला. पुण्याच्या एका क्लासला घालायचे, फी ८० हजार रुपये, वर खोलीभाडे आणि मेस. खोडव्याच्या बिलापोटी उचल पाहिजे. आम्ही विचारले, "आप्पा, क्लासात शिकवणार काय?" ते म्हणाले, "ते पोराला ठावं. आपल्याला एवढंच कळतं, की शेवटी नोकरी लावून देत्यात."

दुसऱ्या दिवशी मुलाला माहितीपत्रक घेऊन बोलावले. त्यात पायथन ही संगणकाची भाषा, माहितीसाठा सांभाळण्याचे तंत्र आणि वेबसाइट बनवणे असे विषय होते. हे तिन्ही विषय चांगल्या शिक्षकांकडून घरबसल्या, एक पैसा फी न देता शिकता येतात. ही गोष्ट पदवीधर पोराला माहीत नव्हती, मग बापाला कुठून असणार? म्हणून ती सर्व सभासदांपुढे मांडत आहोत.

कोठे काय मिळते

पहिले नाव केंद्र सरकारच्या 'स्वयम्'चे. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ते सुरू झाले. त्यावरील तांत्रिक विषय 'एनपीटेल' सांभाळते. आयआयटी आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली उभा केलेला हा उपक्रम. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, दर आठवड्याला गृहपाठ असतो आणि अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा असतो. शिकण्याला फी नाही. प्रमाणपत्र पाहिजे असेल तर मात्र माफक फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गृहपाठाला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. वर्षातली मुख्य सत्रे दोन, जुलैचे आणि जानेवारीचे. म्हणजे एक आडसाली लागणीच्या वेळी आणि दुसरे सुरूच्या वेळी. लक्षात ठेवायला सोपे!

मूल अजून कॉलेजात असेल, तर आणखी एक सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करता येतात. अर्थात त्याला कॉलेजची मान्यता लागते. प्राचार्यांना जरूर विचारावे.

दुसरे नाव मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल'चे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हे काम उभे राहिले. दहा-दहा मिनिटांचे छोटे पाठ, त्यांतले अनेक मराठीतून. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून पाहायचे, अशी पद्धत. हिशोबाचे तक्ते, लिनक्स, सी, जावा, पायथन असे विषय आहेत. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाने सुरुवात येथूनच करावी.

इंग्रजी थोडेफार समजू लागले, की परदेशातलीही दारे उघडी आहेत. 'फ्रीकोडकॅम्प' ही २०१४ साली अमेरिकेत सुरू झालेली ना-नफा संस्था वेबसाइट बनवायला शिकवते आणि तिची प्रमाणपत्रेही मोफत असतात. हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड मॅलन यांचा 'सीएस ५०' हा अभ्यासक्रम कोणालाही मोफत करता येतो. तो अवघड आहे, पण पाया पक्का करतो.

फुकट ते पौष्टिक, पण पचेल त्याला

आता दुसरी बाजू. हार्वर्ड आणि एमआयटी या नामांकित संस्थांच्या अशा अभ्यासक्रमांची पाहणी 'सायन्स' या नियतकालिकात २०१९ साली छापून आली. २०१७-१८ मध्ये त्यांत भाग घेतलेल्यांपैकी पुरा करणारे शंभरी तीनच्या आसपास! पैसे भरून रीतसर प्रमाणपत्रासाठी नाव घातलेल्यांत मात्र जवळजवळ निम्म्यांनी तो पुरा केला.

याचा अर्थ आपल्याला समजायला जड नाही. पाटाचे पाणी सगळ्यांच्या बांधाशी येते, पण ज्याची सरी तयार आहे त्याच्याच उसाला ते लागते. फी भरली की माणूस त्या पैशाच्या जिवावर तरी क्लासला जातो. मोफतला तो चाप नाही, म्हणून चाप घरच्यांनी लावायचा. त्यासाठी चार गोष्टी सांगतो.

एक, वेळ ठरवा. रोज पहाटे किंवा रात्री दीड तास, त्या वेळात पोराला दाऱ्यावर पाठवू नका. दोन, नुसत्या मोबाईलवर हे काम भागत नाही. पाठ मोबाईलवर ऐकता येतो, पण हात बसायला संगणक लागतो. कॉलेजची प्रयोगशाळा, वाचनालय, एखाद्याचा जुना लॅपटॉप, काहीतरी पाहा. तीन, एका वेळी एकच अभ्यासक्रम. पाच ठिकाणी नावे घालणारा पाचही अर्धवट सोडतो. चार, शिकलेले घरच्या कामाला लावा. काट्याच्या पावत्या, गट नंबर, लागणीची तारीख, टनेज, मिळालेले हप्ते, खताचा आणि भरणीचा खर्च हे सारे मुलाला तक्त्यात भरायला सांगा. कोणत्या रानाने एकरी किती दिले, ते त्याच्याकडून काढून घ्या. उत्तर बरोबर आले, तर शिक्षण चालू आहे असे समजा. बापाला परीक्षा घेता येत नाही, हा समज सोडून द्या.

आणि बंधूंनो, फक्त मुलाचाच विचार करू नका. मुलीला शहरात ठेवायचे म्हटले, की घरात दहा शंका निघतात आणि तिचे शिक्षण तिथेच अडते. या शिक्षणाला गाव सोडावे लागत नाही. मग तिलाही संगणकापुढे बसायची वेळ ठरवून द्या.

क्लास वाईट, असे आमचे म्हणणे नाही. समोर शिक्षक असतो, सोबत असते, अडले तर विचारता येते. मोफत शिक्षणात नोकरी कोणी लावून देत नाही आणि नुसत्या प्रमाणपत्रावरही ती लागत नाही. काय करून दाखवता, हे विचारले जाते. पण क्लासला जायचेच असेल, तर पोराला तीन महिने आधी येथे घासू द्या. गोडी आहे की नाही, ते कळेल. आणि नोकरीची हमी देणाऱ्याकडून ती लेखी मागा, फी हप्त्याने घेतो का ते विचारा. बेणे पाहिल्याशिवाय आपण लागण करत नाही, मग ८० हजार रुपये न पाहता का टाकावेत?

त्या सभासदांचे काय झाले, असे विचाराल. आम्ही अर्ज फेटाळला नाही, तो आमचा अधिकारही नाही. मुलाने मराठी पाठांपासून सुरुवात केली आहे. पहिल्या आठवड्यात तीन दिवस बुडाले, असे त्यानेच कबूल केले. आता थोरली बहीणही शेजारी बसते, त्यामुळे बुडवता येत नाही म्हणतो! मागच्या बाजाराच्या दिवशी आप्पा आले आणि म्हणाले, "अर्ज राहू द्या तुमच्यापाशी. बारा आठवडे बघतो. पोरगं टिकलं तर पुढचं बोलू."

आम्ही अर्जावर तारीख घालून तो फाइलला ठेवला आहे. आपल्या घरी असा अर्ज लिहिला जात असेल, तर त्यावरही अशीच एक तारीख घाला, एवढीच विनंती.