वर्धेकर तरुण मंडळींची नागपूर-यात्रा

डिसेंबर उजाडला की वर्धा जिल्ह्यात एकीकडे कपाशीच्या वेचणीची लगबग चालू असते, तर दुसरीकडे मोजक्या ख्रिस्ती घरांतून नाताळाच्या तयारीस आरंभ होतो. मोजक्या असे म्हणावयाचे, कारण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तेरा लाख वस्तीच्या या जिल्ह्यात ख्रिस्ती बांधवांचे प्रमाण एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी आहे. एवढ्याशा मंडळीत तरुण किती असणार? गायनवृंदात एक आवाज कमी झाला तर तो सगळ्यांना जाणवतो. अशा मंडळींतील तरुण-तरुणींस पाळकांनी अथवा वडीलधाऱ्यांनी एखाद्या रविवारी नागपूरला न्यावयाचे ठरविले, तर त्या बातमीने घरोघर केवढे चैतन्य पसरत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

वर्धा ते नागपूर हे अंतर अवघे पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास. आगगाडीने दीड-दोन तासांत माणूस सीताबर्डीच्या गर्दीत जाऊन उभा राहतो. परंतु या मार्गाने जाणाऱ्या ख्रिस्ती तरुणाने खिडकीबाहेर पाहावे असे पुष्कळ काही आहे. वाटेत बोरी लागते. आज कारखान्यांच्या धुराड्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव. याच परिसरात ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतत असता, पुराच्या पाण्यात स्टीफन हिस्लॉप बुडाले. त्यांच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला तेव्हा चारच दिवस उरले होते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ साली नागपुरास आला. त्याने शाळा काढल्या, खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंडांची गीते व कथा उतरवून घेतल्या. त्या टिपणांचे पुस्तक त्याच्या पश्चात १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केले. योगायोग असा की, त्याच साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची वसाहत झाली. पुढल्याच वर्षी रेल्वे नागपुरास पोहोचली. म्हणजे ज्या मिशनने पुढे वर्ध्यात आपले काम उभारले, त्याच्या आद्य पुरुषाने हे शहर पाहिलेच नव्हते. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सुरू झाले हे ठाऊक असलेले अनेक भेटतात. बोरीचे नाव घेणारा विरळा.

गाडीत गाणी होणारच, आणि मराठी ख्रिस्ती तरुण गाऊ लागले की रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने ओघानेच येणार. टिळकांचाही आगगाडीशी व नागपूरशी जुना ऋणानुबंध. नागपूरहून राजनांदगावकडे जात असता, १८९३ च्या सुमारास, गाडीच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही असे सांगतात.

नागपुरात पोहोचल्यावर तरुणांचे मन बाजाराकडे आणि फुटाळ्याच्या काठाकडे ओढ घेते, व त्यात वावगे काही नाही. वीस वर्षांच्या मुलाला सणापूर्वी नवा सदरा घ्यावासा वाटला तर त्याला प्रवचन देऊ नये! पण सहलीचे खरे ठिकाण म्हणजे सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभे राहिलेले हे मंदिर १९०३ साली नागपूरच्या स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांताची स्थापना होऊन आयर चॅटर्टन पहिले बिशप झाले, तेव्हापासून बिशपांचे पीठ आहे. वर्ध्यात काम करणारे मिशन स्कॉटिश, म्हणजे प्रेस्बिटेरियन परंपरेचे. तेथे बिशप नाही. मंडळीने निवडलेले वडील कारभार पाहणार. एकाच प्रभूचे नाव घेणारे हे दोन पंथ प्रभुभोजनाच्या मेजापाशी मात्र वेगळे पडत. गावात आधीच मूठभर असलेल्या लोकांना परदेशात उपजलेल्या या भेदांचे ओझे का वाहावे लागावे, हा प्रश्न आपल्याकडील विचारवंत ख्रिस्ती माणसांना दीर्घकाळ सलत होता.

त्याचे उत्तर याच वास्तूत मिळाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, स्कॉटिश परंपरेला सामावून घेतलेली युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट अशा त्या सहा. वाटाघाटींना १९२९ मध्ये आरंभ झाला होता, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ हे घोंगडे भिजत पडले होते! बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की समज आल्यावर, याविषयीदेखील दोन्ही रीतींना मान्यता देऊन तोडगा काढण्यात आला. आज वर्ध्याचा तरुण त्या बाकांवर बसतो तो पाहुणा म्हणून नव्हे. रोमन कॅथलिक कुटुंबांतील मुलांसाठी याच शहरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे कॅथेड्रल आहे. त्यांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मधील.

गावी दहा-वीस आवाजांत गाणाऱ्या मुलामुलींनी भरलेल्या मंदिरात, ऑर्गनच्या साथीने शेकडो कंठांतून उठणारे स्तोत्र ऐकावे, यात काही विलक्षण आहे. आपण एकटे नाही, ही भावना पुस्तकातून येत नाही. मात्र वडीलधाऱ्यांच्या मनात येथेच एक काळजी डोकावते. शहर एकदा पाहिलेला मुलगा शिक्षणास, नोकरीस तेथेच राहतो. मग पुण्या-मुंबईस जातो. कापसाच्या भरवशावर संसार होत नाही हे त्यालाही कळते. लहान मंडळीच्या दृष्टीने पाहता सहल म्हणजे निरोपाची पहिली पायरी ठरू शकते. तरीही सहली काढाव्याच, असे आमचे मत आहे. दार लावून घेतल्याने कोणतेच घर भरलेले राहिले नाही.

शिवाय वर्ध्याच्या मुलांनी शहरासमोर संकोचून उभे राहण्याचे कारण नाही. जगातील ख्रिस्ती मंडळींचे नेते जॉन मॉट हे १९३६ आणि १९३८ साली गांधीजींना भेटावयास वर्ध्याजवळच्या सेगावास आले होते. तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातील जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत ग्रामोद्योगांचा संसार थाटला. सिलोनहून आलेले ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञ आर्यनायकम् यांनी पत्नी आशादेवींसह सेवाग्रामात नयी तालीम चालविली. आणि १९४९ च्या डिसेंबरअखेर, ऐन नाताळाच्या दिवसांत, देशोदेशीचे शांतिवादी सेवाग्रामच्या कुडाच्या झोपड्यांत जमले होते. त्यांत ख्रिस्ती माणसे पुष्कळ होती. त्या सर्वांचा प्रवास मोठ्या शहरांकडून खेड्याकडे झाला होता.

सायंकाळच्या गाडीने मंडळी परततात. नाताळाच्या आदल्या रात्री घरोघर गात हिंडावयाचे असते, त्यासाठी तालीम करावयाची असते, कागदी तारे चिकटवावयाचे असतात. नागपूर-पुण्याला नोकरीस गेलेले थोरले भाऊ-बहीणही त्या आठवड्यात रजा काढून घरी येतात, आणि तेवढ्यापुरता का होईना, गायनवृंदातला रिकामा आवाज भरून निघतो.