डोंगरवाटेची किल्ली कोणाकडे?

तळोदा, प्रतिनिधी

धनत्रयोदशीच्या सुमारास सातपुड्यात अस्तंबा ऋषीची यात्रा भरते. १,३२५ मीटर उंचीच्या या शिखराच्या परिसरात अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन आजही भटकतो, वाटसरूंकडे तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला मार्गाला लावतो, अशी श्रद्धा आहे. तळोदा हे या यात्रेचे पायथ्याचे गाव. येथून निघालेले तरुणांचे जथे डोंगर चढत शिखर गाठतात. या वाटेवर पाऊल ठेवण्यासाठी परवानगी लागते काय, हा प्रश्न त्यांच्या मनातही येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, एवढे पुरेसे असते.

याच परिसरात जाड टायरची, गिअरची डोंगरी सायकल घेऊन कोणी उतरू म्हटले, तर मात्र गोष्ट इतकी सोपी राहत नाही. हा खेळ शहरांतून वाढतो आहे आणि सायकलस्वारांना डांबरी रस्ता नको, पायवाट हवी असते. जगात अनेक ठिकाणी स्थानिक निवडणूक आली की असे सायकलपटू उमेदवारांच्या दारी मागण्यांचा कागद घेऊन जातात. तळोद्यात कोणी असा कागद तयार केला, तर तो नेमका कोणाच्या हाती द्यावा? नगरसेवकपदाच्या उमेदवाराच्या, जिल्हा परिषदेच्या की आणखी कोणाच्या? उत्तर वाटते तितके सरळ नाही, कारण डोंगरातली एकच वाट चार-पाच मालकांच्या हद्दीतून जाते.

डोंगरी सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिला स्थान मिळाले. मात्र पहिल्यापासूनच पादचारी आणि घोडेस्वार यांच्याशी तिचे खटके उडू लागले. वाटा बंद होऊ लागल्या, तेव्हा १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातच या सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे मुख्य काम शर्यती भरविण्याचे नव्हते. वाटा खुल्या ठेवण्यासाठी शासनाशी बोलण्याचे होते.

इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क दिला. स्कॉटलंडने २००३ मध्ये त्याही पुढे जाऊन, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, बहुतेक मोकळ्या जमिनीवर पायी वा सायकलने जाण्याचा हक्क सर्वांना दिला. २०१४ मध्ये लंडनमधील नगरसेवकांच्या निवडणुकीत तेथील सायकल संघटनेने एक वेगळी युक्ती केली. ‘सायकलींसाठी काहीतरी करा’ अशी मोघम मागणी न करता प्रत्येक प्रभागासाठी एकच ठोस मागणी निश्चित केली आणि त्या प्रभागातील उमेदवारांना त्यावर जाहीर संमती मागितली. उमेदवाराला ‘पाहू, करू’ म्हणायला जागा उरली नाही.

ही युक्ती तिथे लागू पडण्याचे एक कारण आहे. तेथील स्थानिक संस्थांच्या हाती रस्ते असतात आणि इंग्लंडच्या ग्रामीण भागात सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशाही १९४९ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थाच राखतात. ज्याच्याकडे मत मागण्याची गरज, त्याच्याकडेच वाटेचा कागद. तळोद्यात या दोन गोष्टींची फारकत आहे.

नकाशा कोणाचा?

तळोदा शहर तापीखोऱ्यातील सपाटीवर, सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. नगरपरिषदेचा अधिकार शहराच्या हद्दीपुरता. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या दीर्घकाळ रखडलेल्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. पण एखादा नगरसेवक कितीही सायकलप्रेमी असला, तरी हद्दीबाहेरच्या डोंगरावर त्याचा शब्द चालत नाही. शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याची कड रुंद करणे, सायकलतळ उभारणे, एवढेच त्याच्याकडे मागता येते.

शहर संपले की शेतशिवार लागते. येथील पाणंद किंवा बांधावरची वाट कोणी अडवली, तर दाद तहसीलदाराकडे मागावी लागते. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ यांचा आधार त्यासाठी घेतला जातो. मात्र हा हक्क शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. हौशी सायकलस्वाराला त्याचा उपयोग नाही. त्यापलीकडचे ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. नंदुरबार जिल्हा परिषदेसाठी ७ जानेवारी २०२० रोजी मतदान झाले होते आणि त्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत २०२५ च्या प्रारंभी संपली. एखाद्या ठिकाणाला ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा देण्याचा निर्णय जिल्हा नियोजन समितीत होतो आणि या समितीत जिल्हा परिषदेचे व नगरपरिषदांचे सदस्य निवडून जातात. म्हणजे मागणीला येथे थोडीशी फट आहे. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. डोंगरउतारावर हात-पाय मोडल्यास प्रथमोपचार कोठे मिळणार, हा प्रश्न सायकलस्वारांनी खरे तर वाटेच्याही आधी विचारायला हवा.

चढण सुरू झाली की जमीन वनखात्याची. या भागातील जंगलाचा कारभार पाहणाऱ्या मेवासी वनविभागाचे मुख्यालय तळोद्यातच आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात विनापरवाना प्रवेश हा गुन्हा ठरतो. याच कायद्याचे कलम २५ पाहण्याजोगे आहे. पुरेशी पर्यायी वाट उपलब्ध असेल, तर राखीव वनातील सार्वजनिक वा खासगी वाट राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीने बंद करण्याचा अधिकार ते वनाधिकाऱ्याला देते. वाट उघडण्याचा नव्हे, बंद करण्याचा! इंग्रजी अमदानीत जंगल हे सरकारी कोठार होते आणि वाट म्हणजे त्या कोठाराला पडलेले भोक, अशी त्यामागची दृष्टी होती.

वनखात्याचा अधिकारी निवडणूक लढवीत नाही, त्यामुळे येथे उमेदवारामार्फत दबाव आणण्याला मर्यादा आहेत. तरीही एक मार्ग खुला आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि वनविभागाच्या कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा ‘वनेतर वापरा’तून वगळण्यात आल्या. या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, हा भाग वेगळा. कार्य आयोजना साधारणपणे दहा वर्षांसाठी असते. ती तयार होत असताना सायकलवाटेचा विचार झाला नाही, तर पुढची संधी दशकानंतर.

ग्रामसभेचा शब्द

या सगळ्यांपेक्षा मोठा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे मात्र कोणी कागद घेऊन जात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार सामूहिक वनसंपत्तीत कोणी प्रवेश करावा, कसा करावा, याचे नियमन करण्याचा आणि वन्यजीव वा जंगलाला बाधक ठरणारी कृती थांबविण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे येथे १९९६ च्या पेसा कायद्याचेही बळ ग्रामसभेच्या पाठीशी आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन स्वतःची ग्रामसभा भरविता येते. हा अधिकार कागदोपत्री नाही, हे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने दाखवून दिले आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तेथे २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभा स्वतः देऊ लागली.

तेव्हा सातपुड्यातील वाटेसाठी पहिला अर्ज ग्रामसभेकडे जायला हवा. आणि तो गेला, तर समोरून येणारा प्रश्न ठरलेला आहे: आम्हालाच रस्ता नाही, तुमच्या खेळाला कुठून देणार?

या प्रश्नाला कडवट पार्श्वभूमी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये धडगाव-तळोदा मार्गावरील चांदसैली घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडली. आजारी पत्नीला दवाखान्यात नेण्यासाठी पती तिला खांद्यावर घेऊन पायी निघाला. ती वाटेतच दगावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच घाटात अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन उलटून अनेकांचा मृत्यू झाला. जिथे घाटरस्त्याची ही स्थिती, तिथे आडबाजूच्या पाड्यांची काय कथा! गरोदर स्त्रीला वा रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अक्कलकुवा, धडगावच्या दुर्गम भागातून पावसाळ्यात येत राहतात. राज्यातील अशा अनेक गावांनी ‘रस्ता नाही तर मत नाही’ असे फलक लावले आहेत. उमेदवारांकडे वाटेची मागणी करणारे खरे आणि जुने मतदार हेच.

रस्ता का होत नाही, यालाही गणित आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आदिवासी व डोंगराळ भागासाठी २५० लोकवस्तीची अट आहे. सातपुड्यातली घरे शेताशेतांत विखुरलेली. दहा-वीस घरांचा पाडा या अटीत बसत नाही. दुसरी अडचण जंगलाची. वनहक्क कायद्याचे कलम ३(२) शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणीपुरवठा, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन देऊ करते. अट अशी, की प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडली जाऊ नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तीन मीटर रुंदीचा रस्ता त्यात जेमतेम सव्वातीन किलोमीटर बसतो. त्याहून लांब रस्त्यासाठी १९८० च्या कायद्याखालील मंजुरीची लांबलचक प्रक्रिया करावी लागते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी मात्र १९९० च्या दशकात तळोद्याचेच हजारो हेक्टर जंगल मोकळे करण्यात आले होते, हे येथील जुनी माणसे विसरलेली नाहीत.

आता सायकलवाट पाहा. तिला मीटरभर रुंदी पुरते. त्याच एक हेक्टरात ती जवळपास दहा किलोमीटर जाऊ शकेल. पण खेळ हा त्या तेरा सुविधांत नाही, रस्ता आहे. पाड्यापर्यंत जाणारी, दुचाकी आणि झोळी दोन्ही सहज नेता येईल अशी पक्की पायवाट हीच मागणी असेल, तर पाडेकरी आणि सायकलस्वार एकाच कागदावर सही करू शकतात. सरळ उतारावर काढलेली वाट पहिल्याच पावसात ओहोळ होते, हे डोंगरी सायकलस्वारांना ठाऊक असते; उताराला आडवी, वळणे घेत, पाणी जागोजागी बाजूला काढणारी वाट टिकते. हे तंत्र पाड्यांच्याही कामाचे आहे.

मतांचा हिशेब मात्र विसरून चालणार नाही. सुरत, नाशिक किंवा पुण्याहून येणारा सायकलस्वार येथील मतदारच नाही. तो पैसा आणील, मत आणणार नाही. तळोदा शहरातल्या सायकलस्वाराला मत आहे, पण ते ज्या नगरपरिषदेसाठी आहे तिच्याकडे डोंगर नाही. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला यात रस वाटायचा, तर त्याच्या गटातील पाड्यांनी ती मागणी उचलायला हवी. आचारसंहिता लागल्यावर नवी कामे जाहीर करता येत नाहीत, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव त्याआधी झालेला बरा.

त्यातही एक व्यावहारिक अडचण आहे. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला किमान निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सातपुड्यात सायकल चालविण्याजोगा काळ म्हणजे दिवाळी ते होळी. नेमक्या याच महिन्यांत पाड्यांवरील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला गेलेली असतात. ती होळीला परततात. तोवर उन्हाचा तडाखा सुरू झालेला असतो.