'साइन्स' चित्रपट आणि आमच्या सभागृहातील दोन तट



सहामाही परीक्षा संपली की इ. 9 वी व 10 वीच्या विद्यार्थ्यांना एक चित्रपट दाखवायचा आणि नंतर त्यावर चर्चा घ्यायची, असा आमच्या शाळेचा पायंडा आहे. या वेळी पालकांनाही बोलावले होते. निवडला होता 'साइन्स', म्हणजे 'खुणा', हा 2002 साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला चित्रपट. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन. त्यांचा जन्म 1970 साली आपल्याकडील माहे येथे झाला, वाढले मात्र अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ. चर्चेसाठी पाऊण तास ठेवला होता, ती दोन तास चालली आणि चहा गार झाला. सभागृहात सरळ दोन तट पडले. एका तटाला चित्रपट अत्यंत आवडला, दुसऱ्याला तो फसवणूक वाटला. पुढे कळले की चित्रपट आला तेव्हापासून जगभरातले प्रेक्षक असेच भांडत आले आहेत. असे का होते, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न. (चित्रपट पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून घ्यावा. शेवट सांगितल्याशिवाय वाद कळणार नाही.)

कथा थोडक्यात अशी. पेनसिल्व्हेनियातील एका शेतावर ग्रॅहम हेस हा गृहस्थ आपली दोन मुले आणि धाकट्या भावासह राहतो. तो पूर्वी धर्मगुरू होता. पत्नी अपघातात गेली, त्याचा देवावरचा विश्वास उडाला आणि त्याने ते काम सोडले. एका सकाळी मक्याच्या उभ्या पिकात प्रचंड वर्तुळे उमटलेली दिसतात. जगात इतरत्रही तशीच उमटतात, आकाशात दिवे दिसतात, आणि परग्रहवासी हल्ला करणार हे उघड होते. कुटुंब खिडक्यांना फळ्या ठोकते आणि रात्र तळघरात काढते. पहाटे रेडिओवर कळते की हल्लेखोर निघून गेले. एक मात्र मागे राहिलेला असतो. त्याच्याशी झटापट होते, आणि पाण्याचा स्पर्श होताच त्याची कातडी जळते असे दिसते.

याच ठिकाणी आमच्या दहावीच्या मुलांनी हरकत घेतली. ज्या पृथ्वीचा 71 टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, तिथे पाण्याने मरणारे लोक उघड्या अंगाने कशाला येतील? एकाने विचारले, "सर, मक्याच्या शेतात पहाटे दव तरी पडतंच ना?" मागून आवाज आला, "सुरतेत पावसाळ्यात उतरले असते तर पायरीवरच विरघळले असते." 2006 च्या पुराच्या गोष्टी या मुलांनी घरी ऐकल्या आहेत, त्यामुळे हशा जोरात पिकला.

हरकत पोरकट नाही, हे आम्ही आधीच नोंदवून ठेवतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे 4.2 प्रकाशवर्षे दूर आहे. 1977 साली सुटलेले व्हॉयेजर-1 यान आपल्या आजच्या वेगाने तेवढे अंतर कापायला सुमारे 75 हजार वर्षे घेईल. एवढे अंतर जे ओलांडू शकतात, त्यांना निघण्यापूर्वी पाणी दिसू नये? आज माणूससुद्धा दुर्बिणीतून दूरच्या ग्रहांच्या वातावरणातील पाण्याची वाफ ओळखतो. पिकातल्या वर्तुळांचेही तसेच. इंग्लंडमध्ये 1991 साली डग बॉवर आणि डेव्ह चॉर्ली या दोघांनी कबूल केले की फळी आणि दोरी घेऊन आपण वर्षानुवर्षे रात्री शेतात अशी वर्तुळे करत होतो. हिंदीत 2012 साली 'जोकर' नावाचा चित्रपट आला, त्यात गावकरी हीच युक्ती करतात.

मग आम्ही मुलांना एच. जी. वेल्सची आठवण करून दिली. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. वेल्स आम्ही प्रथम हिंदीतच वाचला. या लेखात हिंदी वळण डोकावले तर मराठीच्या शिक्षकांनी लाल शाई जरा जपून वापरावी.) त्याची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कथा 1897 साली मासिकातून क्रमशः आली आणि 1898 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मंगळावरचे हल्लेखोर इंग्लंड उद्ध्वस्त करतात, तोफा निकामी ठरतात, आणि शेवटी त्यांना मारतात ते पृथ्वीवरचे साधे रोगजंतू. इथेही शेवट आयत्या वेळी टपकतो. मग वेल्सला सव्वाशे वर्षे मान, आणि श्यामलन यांना शिव्या, असे का?

नववीतल्या एका मुलीने दिलेले उत्तर आम्हाला पटले. ती म्हणाली, जंतू दिसत नाहीत, पाणी दिसते. न दिसणाऱ्या गोष्टीने हल्लेखोर फसला तर आपण मान्य करतो, पण समोरच्या समुद्राने फसला तर तो मूर्ख ठरतो. वेल्सच्या काळी जंतूंचे शास्त्र ताजे होते. प्लेगचा जंतू 1894 साली हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला. लंडनचे वाचक मासिकात मंगळवासी वाचत होते त्याच 1897 साली पुण्यात प्लेग होता, घरांच्या झडत्या चालल्या होत्या आणि रँडचा खून झाला. वेल्सने आपल्या कथेच्या आरंभी युरोपीय लोकांनी टास्मानियाच्या रहिवाशांचा जो संहार केला त्याची आठवण दिली आहे, म्हणजे हल्लेखोर कोण हा प्रश्न त्याने स्वतःच्याच लोकांना विचारला. सुरतेत मराठी मुलांना इतिहास शिकवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाजी महाराजांची 1664 ची स्वारी राजगडावरून एक दिसते आणि इथल्या बुऱ्हाणपुरी दरवाजातून दुसरी.

मुलांच्या बाजूने आणखी एक साक्षीदार आहेत, डॉ. जयंत नारळीकर. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. मराठीत विज्ञानकथा रुजवणाऱ्या या शास्त्रज्ञाने अवकाशातून येणाऱ्या पाहुण्यांचा शोध खराखुरा घेतला, पण तो सूक्ष्मजीवांचा. 2001 साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनमधून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा जंतुविरहित नळ्यांत भरून आणण्यात आली. त्या प्रयोगात त्यांचा पुढाकार होता. नमुन्यांत जिवंत पेशी मिळाल्या. त्या अवकाशातल्या की पृथ्वीवरूनच वर गेलेल्या, हा वाद राहिला. म्हणजे परग्रहवासी आलेच तर ते यानातून उतरतील असे नाही, हे शास्त्रज्ञही गंभीरपणे तपासत होते.

इतके झाल्यावर मुलांचा तट जिंकला असे वाटले. एका मातेने हात वर केला आणि म्हणाल्या, "ते पाण्याचं राहू द्या. मला रात्री झोप लागणार नाही त्याचं काय?"

हा दुसरा तट. यांना चित्रपटाने घाबरवले, आणि त्यांच्या मते तेवढे पुरे होते. ही भीती कशी तयार केली जाते ते पाहण्यासारखे आहे. दिग्दर्शक जवळपास शेवटपर्यंत परग्रहवासी नीट दाखवतच नाही. मक्याच्या ताटांत एक पाय नाहीसा होताना दिसतो. लहान बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यावा म्हणून ठेवतात त्या यंत्रातून कसले तरी खरखरते बोलणे येते. ब्राझीलमधल्या एका वाढदिवसाच्या चित्रफितीत गल्लीच्या तोंडाशी एक आकृती क्षणभर जाते, त्या क्षणी आमच्या सभागृहात दोनशे माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज झाला. एक विश्वस्त महोदय तोवर डोळे मिटून बसले होते, ते पुढे संपेपर्यंत ताठ बसून होते. बाकीचे चित्र प्रेक्षकाचे मन भरते, आणि मन नेहमी स्वतःच्या घरचेच सामान वापरते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'जॉज' (1975) मध्ये यांत्रिक शार्क सारखा बिघडत असे, म्हणून तो कमी दाखवावा लागला, आणि त्यानेच चित्रपट जास्त भयंकर झाला. 'साइन्स'चे शेवटी नेमके उलटे होते. दिवसाउजेडी दिवाणखान्यात परग्रहवासी पूर्ण दिसतो आणि भीती निम्म्यावर येते. आमच्या मते पाण्यापेक्षा ही चूक मोठी आहे.

घरचे सामान म्हणजे काय, ते त्यानंतर बोललेल्या पालकांमुळे कळले. हे गृहस्थ मूळचे अमळनेर तालुक्यातले, राहतात लिंबायतला. 1994 साली ते दहा वर्षांचे होते.

विद्यार्थ्यांसाठी सांगतो. त्या वर्षी पावसाळ्यात शहरात पुराचे पाणी शिरले होते. सप्टेंबरमध्ये गणपतीचे विसर्जन नुकतेच झाले होते, आणि वेड रोडच्या बाजूने बातमी पसरली की फुप्फुसाचा प्लेग आला आहे. पाण्यात विष कालवले आहे अशीही आवई उठली. काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून गेली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, तोंडाला रुमाल बांधून माणसे स्टेशनकडे धावली. पुढे अनेक देशांनी भारतातून येणारी विमाने थांबवली. देशभरात झालेले मृत्यू 50 ते 60 च्या दरम्यान नोंदले गेले. पळालेल्यांच्या संख्येशी हा आकडा ताडून पाहा.

त्या पालकांचे वडील तेव्हा लूमवर कामाला होते. कुटुंब उधना स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कसेबसे चढले. गावाच्या अलीकडेच त्यांना थांबवले गेले. "सुरतवाले आले" एवढेच शब्द पुढे गेले. मळ्यातल्या एका खोपीत त्यांनी आठ दिवस काढले. सख्खा चुलता भाकरी बांधावर ठेवून लांब उभा राहायचा.

हे सांगून ते म्हणाले, "पिक्चरमध्ये तो परग्रहवासी कोठीत कोंडलेला असतो, दाराखालून बोटं बाहेर काढतो, आणि हा माणूस घाबरून सुरीनं ती बोटं कापतो. माझी मुलगी बाहेरच्या माणसाकडे बघत होती. मला आतला दिसत होता. चौऱ्याण्णवला आम्ही आत होतो."

सभागृह काही वेळ गप्प होते. आम्ही स्वतः त्या वेळी नुकतेच शिक्षकी पेशात आलो होतो, आणि सुरत सोडली नव्हती. सोडली नाही यात शौर्य काही नव्हते, जायला दुसरे गाव नव्हते इतकेच. दारे लावून रेडिओभोवती बसलेले कुटुंब पडद्यावर पाहताना आम्हाला कादंबरी किंवा विज्ञान काहीच आठवले नाही. शेजारच्या खोलीतला खोकला आठवला.

म्हणूनच आमच्या लेखी हा वाद वयाचा किंवा अकलेचा नाही. एक तट विचारतो, हे घडेल कसे? दुसरा विचारतो, घडत असताना त्या घरात बसणे कसे असते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रपट वाईट देतो, दुसऱ्याचे फार चांगले. मात्र पालकांनी मुलांना 'तुम्हाला भावना कळत नाहीत' असे म्हटले, ते आम्हाला मान्य नाही. 1994 साली भीती भरपूर होती. रोग कसा पसरतो, गोळ्या कोणी आणि किती घ्यायच्या, हे थांबून विचारणारे कमी होते. पाण्याबद्दल हरकत घेणारे दहावीचे चार विद्यार्थी तेव्हा गावच्या वेशीवर असते तर त्या खोपीतले दिवस कमी झाले असते. एका मुलाने 2020 च्या टाळेबंदीची आठवण काढली. म्हणाला, आम्हीही घरात कोंडलेलो होतो, पण मोबाइलवर सगळे सतत कळत होते. त्यावर त्याची आई हळूच म्हणाली, "सगळं नव्हतं कळत."

श्रद्धेचा मुद्दा शेवटी निघाला, आणि त्यावर तर तटांचेही तुकडे झाले. मरताना पत्नीने उच्चारलेले तुटक शब्द, मुलाचा दमा, मुलीने घरभर अर्धवट सोडलेले पाण्याचे पेले, हे सगळे शेवटी उपयोगी पडते आणि ग्रॅहम पुन्हा धर्मगुरूचा वेष घालतो. काही प्रेक्षक तर म्हणतात की ते परग्रहवासी नव्हतेच, सैतान होते, आणि पाणी म्हणजे तीर्थ. काही पालकांना हा भाग सर्वांत आवडला. विज्ञानाच्या शिक्षिकांना तो सर्वांत खटकला. त्यांचे म्हणणे, आई गेली ती मुलांच्या बचावासाठी गेली असे मानायचे तर हा हिशेब फार क्रूर आहे. समोरून एक आजोबा म्हणाले, "बाई, माणूस हिशेब मांडत नाही, धरायला काहीतरी शोधतो." यावर आम्ही निर्णय दिला नाही. आम्हाला तो देता येत नाही.

त्या पालकांच्या मुलीने निघताना वडिलांना विचारले की बांधावर भाकरी ठेवणारे काका म्हणजे दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात तेच का. ते म्हणाले, तेच.

विद्यार्थ्यांनी लिहिलेली मते पुढील महिनाभर ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर लावली आहेत. पालकांनीही आपले मत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. एका चिठ्ठीवर नाव नाही, फक्त एक ओळ आहे: "पाण्याचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही."