यंत्राला फक्त वरून दिसतं

सोलापुरात भाईजानांच्या घरी गेलं की आता सगळ्यात आधी आवाज कानावर येतो. मिक्सरमध्ये कोरडी हळद फिरवावी तसा, पण न थांबणारा. माडीवरच्या खोलीत आमचा भाचा लाकूड कोरत असतो. म्हणजे यंत्र कोरत असतं आणि तो स्टुलावर बसून बघत असतो. भाभी म्हणतात, "याच्या अब्बांनी हातानं कोरलं, तेव्हा घरात एवढा गोंगाट कधी झाला नव्हता."

भाईजान सुतार, आमचे अब्बाही सुतारच. दाराच्या चौकटीवरची वेल, पलंगाच्या उशाकडची फळी, जाळी ही कामं एके काळी भाईजानांकडे यायची. मग शहरात मोठी यंत्रं आली आणि चौरस फुटाच्या दरानं कोरलेली दारं मिळू लागली. भाईजानांनी कोरीवकामाच्या पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांची कामं धरली. आयटीआयला जाणाऱ्या मुलानं स्वतःच्या बचतीतून तेच यंत्र, लहान का होईना, घरात आणलं, तेव्हा ते आठवडाभर माडीवर चढले नाहीत.

यंत्राला ३०१८ म्हणतात. नाव मापावरून पडलंय: ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद एवढ्या जागेत ते काम करतं. खोली मात्र जेमतेम साडेचार सेंटिमीटर. एक मोटर डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे, तिसरी वर-खाली. चौथी मोटर कटर फिरवते. हुकूम आकड्यांत असतात: अमुक जागी जा, दोन मिलिमीटर खाली उतर, मिनिटाला एवढ्या वेगानं सरक. अशा हजारो ओळी यंत्र एकामागून एक वाचत जातं. आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेनं १९५२ मध्ये दाखवलं. त्याचे हुकूम कागदी पट्टीवरच्या भोकांत असायचे. आज हेच काम एका स्वस्त चिपवर होतं, तेही 'जीआरबीएल' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर. नॉर्वेच्या एका तरुणानं २००९ मध्ये तो लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. आमच्या माडीवर हे यंत्र पोचलं ते त्या मोकळ्या मनामुळे.

सुरुवातीला पोरानं पाट्या कोरल्या, वेली कोरल्या. इंटरनेटवर तयार नमुने पुष्कळ मिळतात, पण त्यांत सिंह, घोडे, गरुड यांचीच गर्दी. आमच्याकडे जाळीची आणि वेलीची सवय. मग एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, निवृत्त होणाऱ्या एका शिक्षकांना भेट द्यायची आहे, लाकडाचा गोल घुमट करून देशील का? तीन आठवड्यांची मुदत आणि पैसे आगाऊ. पहिलंच मोबदल्याचं काम. पोरगं 'हो' म्हणून बसलं.

सोलापूरकरांना विजापूर म्हणजे शेजारघर. लहानपणी अब्बा आम्हाला घेऊन जायचे. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजायचं आणि पलीकडून भाईजानांनी उत्तर द्यायचं. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ मध्ये उभी झाली. वास्तुकार म्हणून नाव सांगतात ते आपल्या कोकणातल्या दाभोळच्या याकूतचं. खाली सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर बाजूचा चौक, वर बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट, चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे. पोरानं माप चारशेपट लहान केलं. चौकाची बाजू ११९ मिलिमीटर झाली, घुमट ११० मिलिमीटर. टेबलावर मावतो.

पण अडचण मापाची नव्हती. या यंत्राला फक्त वरून दिसतं. कटर वरून खाली उतरतो. जे वरून दिसत नाही तिथं तो पोचत नाही. भिंतीच्या वर पुढे आलेला छज्जा घ्या. त्याच्या खालची बाजू यंत्राच्या लेखी नाहीच. कमानीची खोली, मनोऱ्याच्या खिडक्या, सगळं आडव्या बाजूला. इमारत उभी ठेवून कोरता येत नाही. म्हणून पोरानं ती झोपवली. चार भिंती चार फळ्यांवर सपाट कोरल्या आणि कडा ४५ अंशांत कापून जोडल्या. मनोरे दोन-दोन अर्ध्या भागांत कोरून चिकटवले. छज्जा वेगळा. घुमट दोन थरांत, कारण एकाच ठोकळ्यात कोरायला खोली पुरत नव्हती.

वेळेचा हिशेब मला त्यानंच शिकवला. आधी जाड कटरनं नको असलेलं लाकूड काढायचं, मग गोल टोकाच्या बारीक कटरनं शेवटचा हात. हा हात ०.२ मिलिमीटरच्या अंतरानं फिरतो. १२ सेंटिमीटरच्या चौरसावर अशा ६०० रेघा होतात, म्हणजे ७२ मीटर चाल. मिनिटाला ८०० मिलिमीटर धरले तर दीड तास. अंतर निम्मं केलं की वेळ दुप्पट. भिंती चार असल्या की संध्याकाळ गेलीच. त्यात लाइट गेली की यंत्र आपली जागा विसरतं, मग शून्यापासून मोजून पुन्हा जुळवा.

सगळं जमलं आणि पाकळ्यांपाशी अडलं. गोल घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्यांची रांग आहे, घुमट जणू फुलातून वर आलाय. पोरानं ते कडं एका आडव्या फळीतून कोरलं. दोन पाकळ्या यंत्रावरच उडाल्या, तीन पॉलिश पेपर लावताना. दुसरी फळी घेतली, तेच झालं. कटरचा वेग कमी केला, नवा कटर घातला. तिसरी फळीही गेली. मुदतीला सहा दिवस उरले होते.

त्या रात्री भाईजान जेवून उठले आणि काही न बोलता माडीवर गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी तुटलेली पाकळी उचलली, दिव्यापाशी धरली, नखानं दाबली.

"पाकळी उभी आहे ना?"

"हो अब्बा."

"आणि लाकडाची रेषा आडवी. मग ती तुटणार नाही तर काय करणार?"

सुताराच्या घरात हे लहान मुलालाही ठाऊक असतं, पण फाइलमध्ये रेषा नसते. यंत्राला सगळं लाकूड सारखंच. रेषेच्या दिशेनं लाकूड ताकदवान, आडव्या दिशेनं दोन बोटांत मोडेल असं. भाईजान म्हणाले, पीप कसं बांधतात? उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी. तसं आठ पट्ट्यांचं कडं कर, प्रत्येक पट्टीत रेषा खालून वर जाणारी.

पोराच्या डोक्यात लगेच पुढचं आलं. पट्टी झोपवून कोरली तर पाकळी यंत्राला समोरून दिसेल. बाहेर झुकलेलं टोकसुद्धा! प्रत्येक पट्टी साधारण ४२ मिलिमीटर रुंद झाली. पाकळ्या यंत्रानं कोरल्या, कडा साडेबावीस अंशांत भाईजानांनी रंध्यानं काढल्या. आठ पट्ट्या रबराच्या वेटोळ्यात आवळल्या तर सांधे डोळ्यांना दिसेनात. एकही पाकळी तुटली नाही.

घरात असं यंत्र आणायचं मनात असेल तर एक गोष्ट सांगायलाच हवी. लाकडाची बारीक धूळ साधी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला कर्करोगकारक पदार्थांत धरलंय. एमडीएफच्या भुशात वर फॉर्मल्डिहाइडही असतं. भाभींनी पहिल्याच महिन्यात यंत्राला पेटी बांधायला लावली, व्हॅक्यूम जोडायला लावला आणि मास्क व चष्म्याशिवाय माडीचं दार बंद केलं. घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर यंत्र वेगळ्या खोलीतच हवं. कटर तुटून उडतो, तेव्हा सैल बाही आणि लोंबती ओढणी दूर. सागवानाची एक खोड म्हणजे त्यात वाळूसारखा सिलिका असतो, तो कटरची धार लवकर खातो.

गोल घुमट वेळेवर गेला. भाईजानांनी शेवटचं पॉलिश स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही.

आता रेहाल चाललंय. कुरआन शरीफ ठेवायचं लाकडी रेहाल एकाच फळीतून होतं. मधले दाते एकमेकांत अडकलेले, जोड कुठेच नाही. बाजूची वेल यंत्र छान कोरतं. पण बिजागरी फळीच्या जाडीच्या आत असते, वरून ती दिसतच नाही. तिथं पटाशी लागते आणि बारीक करवत. तेलाच्या फडक्यातली हत्यारं बाहेर आली आहेत. पोराच्या हातून पहिल्या दोन फळ्या दात्यापाशी चिरल्या. तिसरी परवा उघडली, थोडी करकरत.

"मेण लाव," भाईजान म्हणाले आणि खाली जेवायला गेले.