छत असावे की नसावे? सुरतेच्या हवेत कूपे आणि रोडस्टरची निवड

हिरे आणि कापड या दोन व्यवसायांवर उभ्या राहिलेल्या सुरतेत महागड्या मोटारींचे आकर्षण नवे नाही. घरात कुटुंबासाठी एक ऐसपैस गाडी असते. मग हौसेखातर दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार घेण्याचा विचार सुरू होतो आणि पहिलाच प्रश्न उभा राहतो तो छताचा. पक्क्या छताची हलकी कूपे घ्यावी की छत उघडता येणारी रोडस्टर? विक्रेत्याच्या माहितीपत्रकात या प्रश्नाचे उत्तर वेग आणि अश्वशक्तीच्या आकड्यांत दिलेले असते. प्रत्यक्षात ते शहराचे ऊन, पाऊस, नदी आणि संक्रांतीचे पतंग यांवर अधिक अवलंबून आहे. गोव्यासारख्या पावसाळी किनारी प्रदेशातील वाचकांनाही हा हिशेब बराचसा लागू पडतो.

छताचे खरे काम

कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या पक्क्या छताची मोटार. रोडस्टर ही दोन आसनांची उघडी मोटार; तिला कापडी टप किंवा घडी होणारे कठीण छत असते. दोन्हींचे इंजिन, चाके आणि आसनव्यवस्था पुष्कळदा सारखीच असते. फरक छताचा असतो, आणि तो केवळ सावलीपुरता नसतो.

पुठ्ठ्याचे खोके झाकणासह हातात धरून पिळले तर ते फारसे हलत नाही. झाकण काढून तेच केले तर ते सहज वाकडे होते. मोटारीच्या सांगाड्याचे असेच आहे. वळणावर किंवा खड्ड्यात एका चाकावर अधिक भार आला की सांगाड्याला पीळ बसतो आणि तो रोखण्यात छताचा वाटा मोठा असतो. छत काढले की ती ताकद दुसरीकडून आणावी लागते. दारांखालचे उंबरे जाड केले जातात, तळाला आडवे पट्टे जोडले जातात आणि काचेची चौकट मजबूत केली जाते. हे सारे केल्यावर वजन वाढते. ते नीट केले नाही तर खराब रस्त्यावर डॅशबोर्ड व समोरची काच थरथरताना जाणवते.

पोर्शची बॉक्स्टर आणि केमन ही जोडी याचे चांगले उदाहरण आहे. उघडी बॉक्स्टर १९९६ मध्ये बाजारात आली. तिच्यावरूनच २००५ मध्ये पक्क्या छताची केमन तयार झाली. केवळ छताची भर पडल्याने केमनचा सांगाडा पीळ सोसण्यात बॉक्स्टरच्या किमान दुप्पट ताठ झाला.

याचा अर्थ रोडस्टर नेहमीच दुबळी असते असा नाही. मूळ आराखडाच उघड्या मोटारीचा असेल तर ही उणीव भरून काढता येते. ब्रिटनच्या लोटस कंपनीची १९९६ मधील एलिस ॲल्युमिनियमच्या चिकटवलेल्या सांगाड्यावर उभी होती. त्या सांगाड्याचे वजन अवघे ६८ किलो होते आणि पूर्ण मोटार सव्वासातशे किलोच्या आसपास भरे. मात्र ताकदीसाठी तिचे उंबरे इतके रुंद व उंच ठेवावे लागले की आत शिरणे ही एक कसरतच झाली. साडी नेसलेल्या किंवा गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला अशा गाडीत बसवून पाहावे. माहितीपत्रकात न सापडणारी गोष्ट लगेच कळते.

वजनाचे गणित

हलक्या मोटारीचा लाभ केवळ वेग घेताना होत नाही. तीच गाडी कमी अंतरात थांबते, वळणावर टायरांना कमी ओढते, ब्रेक कमी तापवते आणि लहान इंजिनातही चपळ वाटते. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या माझदा एमएक्स-५ या रोडस्टरचे यश याच तत्त्वावर उभे राहिले. १.६ लिटरचे साधे इंजिन आणि एक टनाहून कमी वजन एवढ्या भांडवलावर ती जगभर पोहोचली. २०१६ मध्ये या मालिकेच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. कूपेच्या बाजूने तशीच भूमिका टोयोटाच्या ८६ या मोटारीने बजावली. तिची नवी आवृत्ती जीआर ८६ सुमारे पावणेतेराशे किलोची आहे.

सुरतेहून सापुताऱ्याकडे जाताना हा फरक स्पष्ट कळेल. डांगच्या जंगलातून चढणारा हा रस्ता साधारण १००० मीटर उंचीवर पोहोचतो आणि पुढे नाशिक जिल्ह्यात उतरतो. अशा घाटात हजार-बाराशे किलोची मोटार मध्यम ताकदीतही मनासारखी वळते. दोन टनांच्या मोटारीला तेच साधण्यासाठी मोठे ब्रेक, रुंद टायर आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची मदत लागते.

भारतात काय मिळते?

येथेच ग्राहकाची पहिली निराशा होते. एमएक्स-५ किंवा जीआर ८६ यांपैकी एकही मोटार भारतात अधिकृतपणे विकली जात नाही. स्वतः आयात करायची तर ४० हजार डॉलरपर्यंतच्या मोटारीवर सुमारे ७० टक्के आणि त्यापुढे सुमारे ११० टक्के सीमाशुल्क पडते. त्या रकमेवर पुन्हा जीएसटी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. पण पेट्रोल मोटारीला तो मिळण्यासाठी लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत असावे लागते. एमएक्स-५ लांबीच्या अटीत बसते, इंजिनाच्या अटीत बसत नाही. त्यामुळे तिला ४० टक्क्यांचाच दर लागू होतो. परदेशात मध्यमवर्गीयांची हौस समजली जाणारी मोटार येथे श्रीमंतांच्या यादीत जाते ती अशी.

देशी प्रयत्नही झाले. बंगळूरच्या सॅन कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ ही फायबरग्लास अंगाची छोटी रोडस्टर आणली. रेनोचे ११४९ सीसी इंजिन तिला जोडलेले होते. ती हलकी होती. परंतु तिचा ग्राहकवर्ग कधी मोठा झाला नाही. त्यानंतर दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ ही कूपे सादर केली. तिच्यातही रेनोचेच इंजिन होते, दोन लिटरचे टर्बो. मात्र तिचे वजन दीड टनाच्या पुढे गेले. म्हणजे एका देशी मोटारीत हलकेपणा होता पण ताकद बेताची, तर दुसरीत ताकद होती पण हलकेपणा नव्हता.

अधिकृत दालनांतील आजच्या उघड्या मोटारी जडच आहेत. जुलै २०२५ मध्ये भारतात आलेल्या एमजी सायबरस्टर या विजेवरील रोडस्टरची किंमत ७४.९९ लाख रुपये जाहीर झाली. तिची ताकद ५१० पीएस आहे आणि वजन दोन टनांच्या घरात, कारण ७७ किलोवॅट-तासाची बॅटरी तळाशी बसवलेली आहे. सरळ रस्त्यावर ती विलक्षण वेगवान आहे. तरीही हलक्या मोटारीचा जो गुण वर सांगितला, तो तिच्याकडून अपेक्षित धरू नये. एकूणच, ‘स्पोर्ट्स’ हा शब्द वाचून समाधान न मानता नोंदणीच्या कागदावरील वजनाचा आकडा पाहावा.

उघड्या छताचे दिवस मोजावेत

रोडस्टरसाठी मोजलेले जादा पैसे वसूल होतात ते छत उघडलेल्या दिवसांत. सुरतेत असे दिवस किती?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस. वर्षाकाठी शहरावर हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच काळात. मार्चपासून मेपर्यंत दुपारी छत उघडणे म्हणजे उन्हात तापत बसणे. पारा चाळिशीपर्यंत जातो आणि समुद्राचा दमटपणा त्यात भर घालतो. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळ-संध्याकाळ आणि उन्हाळ्यातील उशिराच्या रात्री. त्यातही राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कंटेनरांच्या रांगेत बुटकी रोडस्टर अडकली की ट्रकचा धूर थेट नाकाच्या पातळीवर येतो. डुमसच्या समुद्राकडे जाणारा सकाळचा रस्ता मात्र रोडस्टरचा खरा आनंद देतो, हेही मान्य केले पाहिजे. गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा तेथे पावसाळ्याचा हिशेब आणखी कडक. संध्याकाळचे समुद्रवारे ही मात्र जमेची बाजू.

बंद असतानाही छत देखभाल मागते. कापडी टपावर दमट हवेत बुरशी येते. त्याच्या कडेच्या पन्हाळ्यांत झाडाचा पाचोळा साचला की पाणी आसनांखाली उतरते. रबरी पट्ट्या उन्हाने कडक होतात. घडी होणारे कठीण छत यातल्या काही तक्रारी दूर करते, पण वजन वाढवते आणि बहुधा सामानाची जागाही खाते.

मांजाचा धोका

सुरतेत आणखी एक विचार करावा लागतो, जो युरोपातील मोटार-परीक्षक कधीच करणार नाहीत. उत्तरायणाच्या सुमारास शहराचे आकाश पतंगांनी भरून जाते आणि काच लावलेला सुरती मांजा सर्वत्र प्रसिद्ध आहे. रस्त्यावर आडवा आलेल्या मांजाने दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या घटना दरवर्षी घडतात. म्हणूनच दुचाकींच्या हँडलला तारेची कमान बसवण्याची पद्धत पडली आणि सणाच्या दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाकींना बंदी घातली जाते. उघड्या रोडस्टरमधील चालकापुढे काच असते. तरी काचेवरून घसरून मागे येणारा दोरा डोके-मानेच्या उंचीवरच पोहोचू शकतो. जानेवारीतील ते काही दिवस, अगदी हवा कितीही छान असली तरी, छत बंदच ठेवावे.

अपघातात मोटार उलटली तर काय, हा प्रश्नही याच जातीचा. कूपेत छत आणि त्याचे खांब संरक्षण देतात. रोडस्टरमध्ये ते काम आसनांमागील पोलादी कमानी आणि काचेची चौकट करते. या कमानी आहेत का, त्या कायमच्या आहेत की अपघाताच्या क्षणी वर येणाऱ्या, हे खरेदीपूर्वी विचारलेच पाहिजे.

तापीचे पाणी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. जून २०२५ मध्ये मोठ्या पावसाने शहरातील खाड्या पुन्हा पात्राबाहेर आल्या. स्पोर्ट्स मोटार, मग ती कूपे असो वा रोडस्टर, जमिनीलगत असते. आसने खाली, विजेची जोडणी आसनांखाली आणि अनेकदा हवा ओढणारी नळीही खालीच. चार चाकांवरची उंच गाडी ज्या पाण्यातून निभावते, त्यात ही मोटार निकामी होऊ शकते.

येथे विम्याचा तपशील महत्त्वाचा ठरतो. सर्वंकष विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते. पण बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिनात पाणी शिरले, तर तो दावा बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. नेहमीच्या विम्यात प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के आणि फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. रबरी पट्ट्या भरपूर असलेल्या रोडस्टरला शून्य-घसाऱ्याची जोड म्हणूनच अधिक उपयोगी पडते. पाणी शिरलेली गाडी कधीही चालू करू नये. ती ओढून न्यावी.

निवड कशी करावी?

वर्षभर वापर, लांबचे प्रवास आणि उघड्यावर पार्किंग असेल, तर कूपे घ्यावी. सांगाडा ताठ, देखभाल कमी, सामानाला थोडी अधिक जागा आणि पावसाची काळजी नाही. घरात दुसरी गाडी आहे, बंद गॅरेज आहे, आणि थंडीच्या महिन्यांत पहाटे उठून पन्नास किलोमीटर फिरून येण्याची खरोखर सवय आहे, अशांनी रोडस्टरचा विचार करावा. ही सवय गाडी आल्यावर लागेल, असे समजून पैसे गुंतवू नयेत.

जुनी मोटार घेताना काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. छत बंद करून नळाचे पाणी दहा मिनिटे सोडावे आणि गालिचा दाबून पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. पुरात बुडालेल्या गाडीत चिखलाची रेषा तेथे लपलेली सापडते. आसनांखालचे बोल्ट गंजले आहेत का ते पाहावे. एक चाक उंचवट्यावर चढवून दार उघडझाप करावे. दार अडकले तर सांगाड्यात दोष असू शकतो. शेवटी नेहमीच्या वाटेवरील गतिरोधकांवरून गाडी न्यावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. गल्लीबोळांतील गतिरोधक हा निकष क्वचितच पाळतात, आणि बुटक्या मोटारीचा तळ तेथेच घासतो.

ही चाचणी एकदा दुपारी, छत उघडून करावी. विक्रेते ती बहुधा संध्याकाळी करवून देतात.